गुळाच्या डब्यापासून स्विचबोर्डापर्यंत: मुंग्यांविषयी वाचकांचे प्रश्न

ओट्यावर बारीक मुंग्यांची रांग लागते. स्प्रे मारला की दोन दिवस बंद होते, पण आता तीन ठिकाणांहून निघायला लागल्यात. औषध बदलू का? (राजारामपुरी)

औषध बदलू नका, स्प्रेच थांबवा. तीन वाटा बहुधा त्यानंच झाल्या असणार. पिवळसर-तांबूस मुंग्या, आणि काळसर डोकं अन् जवळपास पारदर्शक पोट असलेल्या मुंग्या, या दोन्ही बारीक जातींच्या एकाच वसाहतीत अनेक राण्या असतात. स्प्रेचा त्रास झाला की एखाददुसरी राणी काही कामकरी मुंग्या आणि अंडी घेऊन दुसऱ्या फटीत बिऱ्हाड थाटते. शिवाय ओट्यावर दिसते ती वसाहतीतली थोडीच फौज; राण्या भिंतीत सुखरूप असतात.

म्हणून विष मुंग्यांनाच घरी न्यायला लावायचं. अर्धा लिटर कोमट पाण्यात 50 ग्रॅम साखर आणि 5 ग्रॅम बोरिक पावडर (चहाचा एक सपाट चमचा) पूर्ण विरघळवा. म्हणजे बोरिक साधारण एक टक्का होतं. जास्त घातलं तर लवकर मरतील असं वाटतं, आणि बहुतेकांचं इथंच चुकतं: तीव्र द्रावणाला मुंग्या तोंड लावत नाहीत, किंवा खाऊन वाटेतच मरतात, राणीपर्यंत काही पोचत नाही. कापसाचा बोळा द्रावणात भिजवून बाटलीच्या झाकणात ठेवा आणि झाकण रांगेच्या कडेला सरकवा. पहिले दोन दिवस गर्दी वाढेल. ती वाढू द्या. ओटा फिनेलनं पुसण्याचा मोह आवरा. बोळा एक दिवसाआड बदला. फरक दिसायला आठवडा जातो, राण्या जास्त असतील तर तीन आठवडेही.

गोडाकडे फिरकल्या नाहीत तर त्यांना स्निग्ध हवंय असं समजा. 20 ग्रॅम शेंगदाण्याच्या कुटात 1 ग्रॅम बोरिक आणि थोडं तेल मळून हरभऱ्याएवढ्या गोळ्या ठेवा.

बोरिक मेडिकलमधून घ्या. कॅरमची प्रत्येक पावडर बोरिकच असते असं नाही. बोरिक पावडर पिठीसाखरेसारखी दिसते, म्हणून स्वयंपाकघरात ठेवू नका. डब्यावर ‘विष’ लिहा. रांगतं मूल किंवा मांजर असेल तर आमिष त्यांचा हात किंवा तोंड पोचणार नाही अशाच जागी हवं.

हळद, व्हिनेगर आणि मुंग्यांचा खडू यांतलं खरं काय चालतं? (फुलेवाडी)

हळदीनं वाट तेवढी बदलते. व्हिनेगरनं मुंग्यांनी सोडलेला वास पुसला जातो, पण साबणाच्या पाण्यानंही तेच होतं, आणि कडाप्प्यावर व्हिनेगर लावलं तर दगडाची चकाकी जाऊन डाग पडतो. खडूत कीटकनाशक असतं; ओट्यावर आणि मुलांच्या उंचीवर तो ओढू नका. आमिष ठेवलंय तिथं तर यांतलं काहीच नको.

दिवाळीत गुळाचा रवा (मोठी ढेप) घेतो. पावसाळ्यात डब्याला मुंग्या लागतात. (शाहूपुरी)

दमट हवेत गूळ पाणी ओढतो, पाझरतो आणि झाकणाच्या कडेनं चिकट ओघळ येतो. मुंग्यांना तेवढा बास. मे महिन्यातच, वळीव जोर धरायच्या आत, रवा फोडून किलो-दीड किलोचे तुकडे करा. प्रत्येक तुकडा जाड पिशवीत गुंडाळून रबरी कड असलेल्या घट्ट डब्यात ठेवा. रोजचा गूळ वेगळ्या लहान डब्यात ठेवा आणि त्याची कड ओल्या फडक्यानं पुसत जा.

डबा पाण्याच्या ताटलीत ठेवायची रीत चांगली आहे. फसते ती दोन कारणांनी. पाण्यावर धूळ साचली की तिचाच पूल होतो, आणि डबा भिंतीला टेकला की पाण्याची गरजच उरत नाही. भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब टाका, म्हणजे पाण्याचा ताण मोडून मुंगी बुडते. पाणी दर तीन-चार दिवसांनी बदला, नाहीतर मुंग्या जातील आणि डासांच्या अळ्या होतील.

लागलेला गूळ विरघळवून गाळून घेता येतो. साखर परातीत पसरून उन्हात ठेवली की मुंग्या आपणहून निघतात.

स्विचबोर्डातून मुंग्या येतात. आत स्प्रे मारू का? (मंगळवार पेठ)

अजिबात नको. बरेच स्प्रे पेट घेणारे असतात. बोर्डात ठिणगी पडली तर भडका उडेल. मेन बंद करून इलेक्ट्रिशियनकडून बोर्ड उघडून घ्या, मेलेल्या मुंग्या कोरड्या ब्रशनं झाडा, वायर येते त्या पाइपचं तोंड बुजवून घ्या. आमिष बोर्डाबाहेर, रांगेवर. भिंतीला ओल असेल तर आधी तिचा बंदोबस्त करा, नाहीतर पुढच्या पावसात पुन्हा हेच.

मिरगाच्या पहिल्या पावसात जुन्या तुळईतून पंखवाले किडे निघाले. मुंग्या की वाळवी? (शिवाजी पेठ)

एक किडा पांढऱ्या कागदावर ठेवून भिंगातून बघा. कंबर बारीक, मिशा कोपरासारख्या वाकलेल्या, पुढचे पंख मागच्यांपेक्षा मोठे: मुंगी. कंबर जाड, मिशा मण्यांच्या माळेसारख्या सरळ, चारही पंख सारखे: वाळवी. भिंतीवर मातीच्या नळ्या दिसल्या किंवा तुळई ठोकल्यावर पोकळ वाजली तर वर सांगितलेल्या आमिषाचा काही उपयोग नाही. वाळवीची प्रक्रिया करणाऱ्या जाणकाराला बोलवा. रॉकेल ओतत बसू नका. लाकूड वरून भिजतं आणि आगीची भीती वाढते.

जास्वंदीवर मुंग्या चढतात, तिथून खिडकीत येतात. (कसबा बावडा)

कळ्यांच्या देठाशी बघा, मावा हे बारीक किडे किंवा पांढरे पिठ्या ढेकूण सापडतील. त्यांच्या गोड चिकट्यासाठी मुंग्या त्यांची राखण करतात, म्हणून आधी ते घालवा. पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं झाड धुवा. मग एक लिटर पाण्यात 5 मिली नीमतेल आणि थोडा द्रव साबण मिसळून संध्याकाळी पानांच्या खालून फवारा, आठवड्यानं पुन्हा. खोडावर कागदाची पट्टी गुंडाळून तिच्यावर ग्रीस लावा, थेट सालीवर नको. खिडकीला टेकलेली फांदी मात्र आजच छाटा. ती राहिली तर खोडाची पट्टीही वाया, कारण मुंग्या खिडकीतून फांदीवर चढतील.