ऋणनिर्देशात कोणाची नावे, कशी लिहावीत?

प्रश्न : आम्ही पुण्यात पत्रकारितेच्या अंतिम वर्षात शिकत असून, महाराष्ट्रात तयार झालेल्या मोटारींवर प्रकल्प म्हणून एक मासिक काढले आहे. मजकूर आणि मांडणी पूर्ण झाली आहे व येत्या आठवड्यात अंक छपाईला जाईल. ऋणनिर्देशाचे पान मात्र अडले आहे. मार्गदर्शक प्राध्यापक, गॅरेजवाले काका, टाटांच्या इंडिका मोटारीच्या प्रकल्पावर काम केलेले निवृत्त अभियंते, टॅक्सीचालक, पालक अशी यादी वाढतच चालली आहे. क्रम कसा ठेवावा? प्रकल्प अर्ध्यावर सोडून गेलेल्या सहकाऱ्याचे नाव घ्यावे का?
— एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : अंक तडीस नेल्याबद्दल तुम्हा सर्वांचे मनापासून अभिनंदन. क्रमाचा विचार थोडा बाजूला ठेवून आधी प्रत्येक नावापुढे त्या व्यक्तीने नेमके काय केले ते लिहून काढा. ‘यांचे अमूल्य सहकार्य लाभले’ हे वाक्य आपल्याकडील अंकांमध्ये इतक्या वेळा छापले गेले आहे की, ज्याचे नाव त्यात आहे तोसुद्धा ते वाचत नाही. गॅरेजवाल्या काकांनी चालू काम थांबवून प्रीमियर पद्मिनी मोटारीचे बॉनेट उघडले असेल, तिच्या १०८९ सीसी इंजिनाचा कार्ब्युरेटर सुटा करून दाखवला असेल आणि स्टीअरिंगलगतचा गिअर कसा पडतो हे समजावले असेल, तर ऋणनिर्देशात तेच लिहा. त्यांच्या मदतीचे मोल त्यातून आपोआप कळते, विशेषणाची गरज उरत नाही. शिवाय तुमचा तांत्रिक लेख कोणाच्या माहितीवर उभा आहे, हेही वाचकाला समजते.

निवृत्त अभियंत्यांच्या बाबतीत आणखी एक काळजी घ्यावी. इंडिका १९९८ साली लोकांसमोर आली, तेव्हा कंपनीचे प्रचलित नाव टेल्को होते. टाटा मोटर्स हे नाव २००३ मध्ये आले. त्यांचा परिचय देताना ‘तत्कालीन टेल्को’ असा उल्लेख करणे अचूक ठरेल, आणि त्यांनाही ते आवडेल. टॅक्सीचालकांचे आभार मानताना ते कोणत्या काळाविषयी बोलले हे नमूद करावे. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असल्यामुळे, २००३ मध्ये नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर सेवेतून गेली. त्यामुळे या चालकांच्या आठवणी आता इतिहासाचे साधन आहेत आणि त्यांचा उल्लेख त्याच मानाने व्हायला हवा. एखाद्याला नाव नको असेल, तर ‘ताडदेव भागातील एक ज्येष्ठ चालक’ एवढे पुरे. पण ते त्यांना विचारून ठरवा.

क्रमाविषयी माझे मत स्पष्ट आहे. आधी माहिती देणारे, मग तपासणारे व मार्गदर्शन करणारे, नंतर खर्चाला हातभार लावणारे आणि शेवटी घरची मंडळी. मार्गदर्शकांचे नाव सर्वांत वर असावे असा तुमच्या विभागाचा शिरस्ता असल्यास तो जरूर पाळा, त्यावरून वाद घालण्याचे कारण नाही. सोडून गेलेल्या सहकाऱ्याने लिहिलेला वा टिपलेला मजकूर अंकात राहिला असेल, तर त्याचे नाव ऋणनिर्देशात टाकून भागणार नाही. ते त्या लेखाखाली किंवा छायाचित्राखाली यायला हवे. मनातली नाराजी श्रेयाच्या आड येऊ देऊ नये.

जागेचाही विचार करा. मध्ये पिना मारलेल्या अंकाची पाने चारच्या पटीत असतात, त्यामुळे ऋणनिर्देशासाठी एक पान वाढवायचे म्हणजे चार पाने वाढवावी लागतील. अनुक्रमणिकेखालचा अर्धा स्तंभ या मजकुराला पुरेसा होतो. शेवटचे मुद्रितशोधन फक्त नावांचे करा आणि ते ज्याने पाने जुळवली त्याच्याकडे देऊ नका, कारण सवयीच्या डोळ्यांना आडनावातला चुकलेला ऱ्हस्व-दीर्घ दिसत नाही. शक्य तेथे ओळ त्या व्यक्तीला छपाईपूर्वी वाचून दाखवा. अंक हाती आल्यावर गॅरेजची प्रत तुम्ही स्वतः नेऊन द्या.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाच्या मोटार विशेषांकात जुन्या गाड्यांची बरीच छायाचित्रे इंटरनेटवरून घेतली आहेत. ‘छायाचित्रे : इंटरनेटवरून साभार’ असे छापले तर चालेल का?
— एक विद्यार्थी, कोल्हापूर

उत्तर : चालणार नाही. आभार मानल्याने परवानगी मिळत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार छायाचित्रावरील हक्क साधारणपणे छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो, आणि ‘इंटरनेट’ हे काही छायाचित्रकाराचे नाव नव्हे. ज्यांचा माग लागेल त्यांना पत्र लिहून लेखी संमती घ्या. मुक्त परवान्याखालील, म्हणजे ठरावीक अटींवर कोणालाही वापरू दिलेले, चित्र असेल तर छायाचित्रकाराचे नाव आणि परवान्याचा प्रकार चित्रालगत द्या. उरलेली छायाचित्रे काढून टाका आणि त्यांच्या जागी परिसरातील जुन्या गाड्यांच्या मालकांना विनंती करून स्वतः छायाचित्रे काढा. ती छापताना नंबरप्लेट दिसू द्यायची की झाकायची, हे मालकांना विचारा आणि त्यांचे नाव चित्राखालीच द्या.