आजींचा फोटो आणि हुपरीचं पैंजण

प्रश्न : आम्ही कोल्हापूरला राहतो. मुलगा बारावी कॉमर्सला आहे. जुन्या काळातल्यासारखे फोटो काढायचं त्याला वेड लागलंय. आजीला नऊवारी नेसवून काढलेला एक फोटो सोबत पाठवतेय. कमर्शियल फोटोग्राफर व्हायचं म्हणतो आणि दीड लाखाचा कॅमेरा मागतो. त्याचे वडील म्हणतात, आधी बी.कॉम. कर. काय करावं?

उत्तर : ताई, आजींचा फोटो मी बराच वेळ बघत बसलो. त्यांची बसण्याची ढब, मांडीवर ठेवलेले हात, सगळं त्याने मायेने टिपलंय. त्याला माणूस दिसतो, आणि हे सहसा शिकवून येत नाही.

आता तोच फोटो मोठा करून आजींच्या डोळ्यांत बघा. दोन्ही बुबुळांत पांढरं गोल कडं आहे. ती रिंग लाइटची, म्हणजे कड्यासारख्या गोल दिव्याची खूण. जुन्या स्टुडिओत उजेड एका बाजूच्या खिडकीतून किंवा काचेच्या छपरातून यायचा. एक गाल उजळ, दुसरा सावलीत. त्याने फोटोचा रंग तपकिरी केला, उजेड मात्र आजचाच राहिला.

त्याला हेही सांगा. १८५१ साली ओल्या कोलोडियनची पद्धत आली, म्हणजे काचेवर कोलोडियन हे चिकट रसायन लावून फोटो काढायचा. त्या काचेवर तांबडा रंग जवळजवळ उमटतच नसे. कुंकू काळं यायचं आणि निळं लुगडं पांढरट. काच ओली आहे तोवर, म्हणजे दहा-पंधरा मिनिटांत, फोटो काढून धुवावा लागे. माणसाने काही सेकंद हलायचं नाही, म्हणून मानेमागे लोखंडी टेकू असे. जुन्या फोटोंतले चेहरे इतके गंभीर दिसतात, त्यामागे हेही एक कारण आहे. त्या काळचे नामवंत छायाचित्रकार राजा दीनदयाळ (१८४४–१९०५) यांनी काढलेली व्यक्तिचित्रं त्याने शांतपणे बघावीत. आणि कोल्हापुरात तर चित्रपट दिग्दर्शक बाबूराव पेंटर सिनेमात येण्याआधी नाटकांचे पडदे रंगवत. हाताने रंगवलेला असा एखादा पडदा आजींच्या मागे आला, तर फोटो कुठल्या कुठे जाईल. कोलोडियनमध्ये चटकन पेट घेणारं ईथर असतं, ते घरी नको. सायनोटाइप, म्हणजे कागदावरचा निळा फोटो, मात्र दोन रसायनं, ऊन आणि पाणी एवढ्यावर होतो. हातमोजे घालून जरूर करावा.

पण घर या फोटोंवर चालत नाही. ही व्यक्तिचित्रं बघून काम देणारा माणूस फोन करतो आणि काम देतो ते वेगळंच : मसाल्याची पाकिटं, चपला, दागिने, कारखान्याची माहितीपुस्तिका. तुमच्या जवळच चांदीच्या दागिन्यांचं गाव हुपरी आहे. चांदीचं पैंजण म्हणजे शेकडो छोटे आरसे. त्यात कॅमेरा दिसतो, छत दिसतं, फोटोग्राफरचा शर्टसुद्धा दिसतो. चारी बाजूंनी पांढरा कागद उभा करायचा, मग चांदी अगदीच फिकी पडू नये म्हणून काळ्या पुठ्ठ्याची एक पट्टी केसभर सरकवत राहायचं. एका फोटोत दुपार जाते. हे करताना त्याला कंटाळा येतो की तहानभूक विसरायला होतं, ते बघा. माझ्या मते खरी परीक्षा तीच.

शूटचा दिवस एक असला तरी आधी अंदाजपत्रक, सामानाची जुळवाजुळव आणि नंतर निवड, रिटचिंग, ग्राहकाच्या दुरुस्त्या, बिल, यांत आठवडा निघतो. पैसे कधी दोन-तीन महिन्यांनी येतात. माझ्या एका विद्यार्थिनीचं पहिल्या वर्षीचं सर्वांत मोठं बिल बुडालं, कारण सगळं तोंडी ठरलं होतं. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक काम देणारा असतो, वेगळा करार केला नसेल तर. म्हणजे फोटो स्वतःच्या नमुन्यांत दाखवायची परवानगीसुद्धा लेखी घ्यायला हवी. त्याचं कॉमर्स इथे कामी येईल, हे वडिलांना जरूर सांगा.

कॅमेरा आत्ता घेऊ नका. आहे तो वापरावा, मोठ्या कामाला भाड्याने आणावा. बारावी झाली की सुट्टीत एखाद्या कमर्शियल फोटोग्राफरकडे मदतनीस म्हणून पाठवा. स्टँड उचलणं, बाटलीवरचे बोटांचे ठसे पुसणं, केबली गुंडाळणं हीच तिथली पहिली इयत्ता. त्यानंतरही ओढ तशीच राहिली, तर उपयोजित कलेची (अप्लाइड आर्ट) चार वर्षांची पदवी मला बी.कॉम.पेक्षा योग्य वाटते. तिला कोणत्याही शाखेतून जाता येतं, पण राज्याची सीईटी द्यावी लागते आणि चित्रकलेचा सराव आजपासून लागेल. पुण्याची एफटीआयआय ही सिनेमा-टीव्हीची संस्था अनेकजण सुचवतील. तिथला छायाचित्रणाचा अभ्यासक्रम सिनेमाचा आहे, आणि तोही पदवीनंतरचा. एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेचा गांधीनगरचा फोटोग्राफीचा अभ्यासक्रमसुद्धा पदवीनंतरच.

पुढचं पत्र त्यालाच लिहू द्या. सोबत दोन फोटो हवेत : आजींचा, फक्त खिडकीच्या उजेडात काढलेला, आणि घरातल्या एखाद्या पैंजणाचा.