लोगो गिऱ्हाईकानं दिला, नोटीस मात्र मला

प्रश्न : मी सांगलीत घरीच एम्ब्रॉयडरीचं काम करते. एका बाइक रायडर्स ग्रुपनं एका नामांकित मोटरसायकल कंपनीचा लोगो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून जॅकेटवर लावायचे १२० पॅच सांगितले. ९० रुपये नग, निम्मे पैसे आगाऊ. ८० पॅच दिले, फोटो इन्स्टाग्रामवर टाकले. खर्च जाता नगामागे ३० रुपये सुटतात. आता कंपनीच्या वकिलांची नोटीस आली आहे : काम थांबवा, सात दिवसांत लेखी माफी द्या, पाच लाख भरपाई भरा. लोगो ग्रुपचा, मी फक्त मशीनवर काढून दिला. पैसे भरावे लागतील का? पोलीस घरी येतील का? माझं बाकी काम शाळांचे बॅज आणि अशोकस्तंभाचे पॅच असं आहे.

उत्तर : ताई, पाच लाखांचा आकडा पाहून झोप उडवून घेऊ नका. नोटिशीत वाटेल तेवढं मागता येतं, द्यायचं किती ते न्यायालय ठरवतं. पण ‘मी फक्त काढून दिला’ हे उत्तर टिकणार नाही, हेही आधीच सांगतो. ट्रेडमार्क कायदा, १९९९ च्या कलम २९ प्रमाणे नोंदलेलं चिन्ह धंद्यात परवानगीशिवाय वापरणं हेच उल्लंघन. डिझाइन कुणी पाठवलं, यानं तुमची जबाबदारी जात नाही. ‘त्यांची गाडी, माझा कापडाचा पॅच, संबंध काय?’ असंही म्हणू नका. देशात नावलौकिक असलेल्या चिन्हाला त्याच कलमाचं चौथं उपकलम वेगळ्या मालाबाबतही संरक्षण देतं.

आता पैशांचं. न्यायालय नुकसानभरपाई देववू शकतं किंवा तुम्हाला झालेला नफा. तुमच्याच हिशेबानं ८० नगांचा नफा २,४०० रुपये होतो. शिवाय कलम १३५(३) तुमच्या कामाचं आहे : चिन्ह नोंदलेलं आहे हे माहीत नव्हतं, तसं वाटायला कारणही नव्हतं आणि कळताक्षणी वापर थांबवला, एवढं पटवलं तर भरपाई नाममात्रच. इतक्या गाजलेल्या लोगोबाबत ‘माहीत नव्हतं’ हे न्यायाधीशांच्या गळी उतरणं कठीण आहे. तरी लगेच थांबलात याचं वजन पडतंच, म्हणून आजच थांबा.

पोलिसांचं म्हणाल, तर खोटं चिन्ह लावण्याला कलम १०३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख दंड आहे. मात्र वॉरंटशिवाय जप्ती करायची तर अधिकारी उपअधीक्षक दर्जाचा किंवा वरचा हवा आणि त्यानं आधी ट्रेडमार्कची नोंदणी करणाऱ्या रजिस्ट्रारचं मत घ्यायला हवं. जॉबवर्क करणाऱ्यांसाठी कलम ११२ मध्ये एक बचावही आहे : नेहमीच्या धंद्यात दुसऱ्याच्या सांगण्यावरून काम केलं, विक्रीवर अवलंबून नफा-कमिशन नव्हतं, योग्य ती काळजी घेतली, संशयाला जागा नव्हती आणि विचारल्यावर काम देणाऱ्याची पूर्ण माहिती दिली. तुमची काळजी इथे लंगडी पडते. पण ग्रुपचे मेसेज हाच तुमचा पुरावा, एकही पुसू नका.

इन्स्टाग्रामवरचे फोटो काढण्याआधी तारखेसह स्क्रीनशॉट घ्या. उरलेले ४० पॅच जाळू नका, ग्रुपलाही देऊ नका. मोजून पाकिटात बंद करा, पंचिंगची (मशीनला टाके सांगणारी डिझाइनची) फाइल मशीनमधून काढून पेनड्राइव्हवर घ्या. उत्तर वकिलामार्फतच द्या : वापर थांबवला, पुढे करणार नाही, ४० नग ताब्यात द्यायला तयार, भरपाईची मागणी अमान्य. ‘चूक झाली, माफ करा’ असं स्वतः लिहून पाठवू नका. मदतीच्या भावनेनं लिहिलेलं ते वाक्य उद्या कबुली म्हणून समोर येतं.

मला खरी काळजी तुमच्या शेवटच्या वाक्याची वाटते. अशोकस्तंभ हे राजचिन्ह आहे. त्याच्या गैरवापराला आळा घालणाऱ्या २००५ च्या कायद्यानुसार केंद्राच्या परवानगीशिवाय ते धंद्यात वापरता येत नाही आणि कैद दोन वर्षांपर्यंत होऊ शकते. तिथे तडजोड करायला समोर कंपनीही नसते. ते काम आजपासून बंद.

शाळा, मंडळं, ढोलपथकं यांच्या बॅजना अडचण नाही. त्यांच्या लेटरहेडवर ‘हे चिन्ह आमचं आहे, काढायला परवानगी आहे’ अशी दोन ओळींची सही घेत जा.

ग्रुपकडे अडकलेल्या १,८०० रुपयांवर पाणी सोडा. बेकायदा कामाचा करार न्यायालय वसूल करून देत नाही (करार कायदा, कलम २३). सात दिवसांची मुदत कायद्यानं घातलेली नाही, ती त्या वकिलांची आहे. तरी ती चुकवू नका, आणि नोटीस ज्या पाकिटातून आली ते पोस्टाच्या शिक्क्यासकट जपून ठेवा.