मुलगा अग्निवीर म्हणून निवडला गेला आहे. घरचे आनंदात, नातेवाईक म्हणतात "चार वर्षांचीच तर नोकरी, त्यात एवढं काय", आणि मला रात्र रात्र झोप नाही. आई म्हणून ही काळजी कशी आवरायची?

ताई, माझा मुलगा 2023 पासून अग्निवीर आहे, मराठा लाइट इन्फंट्रीत. तुमचा प्रश्न वाचला आणि हातातलं काम टाकून लिहायला बसले.

काळजी आवरत नाही, हे आधीच सांगते. माझं माहेर सातारा जिल्ह्यात, अपशिंगे मिलिटरी या गावाच्या शेजारचं. पहिल्या महायुद्धात ज्या एका गावचे 46 जवान परत आले नाहीत, ते हे अपशिंगे. श्रीलंकेत शांतिसेना गेली तेव्हा मी शाळेत होते. तार घेऊन पोस्टमन गल्लीत शिरला की बायका आधी रडायला लागायच्या, तार नंतर वाचली जायची. अशा मुलखात वाढले, तरी आजही अनोळखी नंबरवरून फोन आला की माझे हातपाय गार पडतात.

पण मला लागली ती तुमची दुसरी ओळ. "चार वर्षांचीच तर नोकरी."

माझे थोरले दीर हेच म्हणाले होते. तेही गावानं पोराचा सत्कार ठेवला त्या दिवशी, मारुतीच्या देवळापुढे, माईकवर. दादा सुभेदार होऊन निवृत्त झालेत, 24 वर्षं नोकरी केली, त्यांच्या शब्दाला गावात मान आहे. म्हणाले, "चार वर्षांचा शिपाई म्हणजे काय शिपाई? रजेवर आल्यासारखं जायचं आणि परत यायचं." पोराच्या गळ्यात हार होता. त्यानं मान खाली घातली. आमचे हे थोरल्या भावापुढे कधी बोलत नाहीत, त्या दिवशीही बोलले नाहीत. मीही गप्प बसले, ते मला अजून सलतंय.

कारण त्या पोराचे कष्ट मी पाहिले होते. कोरोनात दोन वर्षं भरतीच निघाली नाही आणि वय निघून चाललेलं. 2022 मध्ये अग्निपथ योजना आली, हीच ती चार वर्षांच्या अग्निवीरांची, पहिल्या वर्षापुरती वयाची अट 23 पर्यंत वाढवली, म्हणून तो बसला त्यात. पहाटे चारला कॅनॉलच्या रस्त्यावर पळायचा आणि मी मोबाईल घेऊन वेळ लावायला उभी. पूर्ण गुण हवेत तर 1600 मीटर साडेपाच मिनिटांत काढायचे. पाच चौतीसवर अडकला तो दोन महिने. चार सेकंदांसाठी पोरगं रस्त्यावर बसून रडलेलं मी पाहिलंय. शेवटी कोल्हापूरच्या भरतीत ग्राउंड निघालं, दहाच्या दहा बीम, म्हणजे पुल-अप्स, मारले, मेडिकल झालं, मेरिटला नाव आलं. एवढं झाल्यावर कुणी म्हणावं, रजेवर आल्यासारखं?

ट्रेनिंग संपल्यावर पोरं शपथ घेतात ती कसम परेड, तिला आम्ही दोघं बेळगावला गेलो. परेड टीव्हीवर दिसते तशीच असते, ते सोडा. नंतर भेटायला सोडलं तेव्हाचं सांगते. मी दशम्या, शेंगदाण्याची चटणी, बेसनाचे लाडू नेले होते. आला, पाया पडला आणि म्हणाला, "आई, हा माझा बडी. याच्या घरची ऊसतोडीला गेलीत, कुणी आलं नाही. याला आधी वाढ." बडी म्हणजे फौजेत सतत सोबत असणारा जोडीदार. मी त्या पोराला वाढलं. दोघं खाली मान घालून चार-पाच मिनिटांत जेवून उठले, ताटल्या धुऊन पुसून माझ्या पिशवीत ठेवल्या. घरी पाण्याचा तांब्या उचलत नव्हता हा. ते बडीचं पोरगं जाताना माझ्या पाया पडलं तेव्हा मला रडू आलं. माझ्या मुलाशेजारी रात्री कोण उभं राहणार आहे, ते मला त्या दिवशी कळलं. काळजीवर मला मिळालेला उतारा म्हणाल तर तेवढाच.

7 मे 2025 ला ऑपरेशन सिंदूर सुरू झालं तेव्हा तो जम्मूकडे होता. फोन बंद. मी टीव्ही लावूच दिला नाही. 10 तारखेला संध्याकाळी थांबलं, त्याचा फोन 12 ला आला. म्हणाला, "बरा आहे. वळवाचा पाऊस झाला का?" ते सगळे दिवस दादा आमच्या ओट्यावर बसून होते. धड जेवले नाहीत, घरीही गेले नाहीत. पण बोललेला शब्द काही त्यांनी परत घेतला नाही. दादा, गोळा येतो तो कुणाची किती वर्षं झाली ते विचारून येत नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये सियाचीनवर बुलढाणा जिल्ह्यातल्या पिंपळगाव सराईचा अग्निवीर गेला. त्याच्या आईला कुणी म्हणून दाखवावं, चार वर्षांचीच तर नोकरी.

मात्र दादांचं एक म्हणणं खरं आहे, आणि तेवढ्यावर मी त्यांच्या बाजूची आहे. पेन्शन नाही. पोरगं धारातीर्थी पडलं तर 48 लाखांचा विमा आणि सानुग्रह मदत मिळते, पण नेहमीच्या जवानाच्या घरच्यांना मिळते तशी कुटुंब पेन्शन नाही. हा सरळ अन्याय आहे. पण तो सरकारला सुनवावा, पोराला नव्हे.

तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगते. पहिल्या वर्षी 30 हजार पगार लिहिलेला असतो, हातात 21 हजार येतात. बाकीचे सेवा निधीत जातात, सरकार तेवढेच घालतं, चार वर्षांनी व्याजासकट साधारण 11.71 लाख होतात. त्यावर आत्ताच घराचं कर्ज काढू नका. शंभरातले पंचवीसच पुढे कायम होतात, आपला त्यात असेलच असं धरू नका. इग्नूची अग्निवीरांसाठी पदवी आहे, तिला नाव घालायला सांगा. रजा वर्षाला 30 दिवस. दिवाळी आणि लग्नसराई दोन्ही मिळणार नाहीत, आधीच ठरवा.

माझा मुलगा सुखरूप आहे म्हणून मला इतकं लिहिता आलं, हेही खरं. त्याची चार वर्षं अजून पुरी व्हायची आहेत. तुमची झोप माझ्या लिहिण्यानं परत येणार नाही. पण सत्काराला कुणी माईकवर काही बोललं तर तिथल्या तिथे उठा आणि बोला, माझ्यासारख्या गप्प बसू नका.

आणि परेडला जाल तेव्हा डबा दोघांचा न्या.