केळीच्या बोअरवर सौरपंप घ्यावा का, आणि कोरडवाहू तुकडा सौर प्रकल्पाला भाड्याने द्यावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चोपडा तालुक्यात साडेचार एकर, नवी बोअर, वीजजोडणी अजून नाही, केळी लावायचा विचार. शिवाय सबस्टेशनजवळ तीन एकर मुरमाड जमीन, तिच्यासाठी एक एजंट घरी येऊन गेलाय. सौरपंप घ्यावा का, तुकडा भाड्याने द्यावा का, आणि अभ्यास करणारे यावर काय म्हणतात.

मी कृषी अर्थशास्त्र शिकलो आणि नंतर धुळे-जळगावात शेतकऱ्यांच्या जमाखर्चाच्या पाहण्या करत फिरलो, त्या बळावर सांगतो. तुकडा भाड्याने द्या, पण अटी वाचून. सौरपंपाचं मात्र मे महिन्यात तुमच्या बोअरला पाणी किती फुटांवर असतं त्यावर ठरेल, आणि नेमकं तेच तुम्ही लिहिलेलं नाही.

'मागेल त्याला सौर कृषीपंप' योजनेत पंपाची ताकद जमिनीवर ठरते. अडीच एकरापर्यंत ३ एचपी, पाच एकरापर्यंत ५, त्यापुढे साडेसात. तुम्ही भरायचे दहा टक्के, अनुसूचित जाती-जमातीला पाच. म्हणजे तुम्हाला ५ एचपी मिळेल, सोबत साधारण ४८०० वॉटची पॅनल. या हिशेबात पाण्याची खोली फारशी कुठे दिसत नाही, आणि खरी मेख तिथेच आहे.

हजार लिटर पाणी ३०० फुटांवरून वर आणायला निव्वळ पाव युनिट लागतं. मोटर, पंप आणि पाइपात जाणारी ताकद धरली की अर्ध्या युनिटच्या वर. तुमची पॅनल उन्हाळ्यात दिवसाला वीसेक युनिट देतील, म्हणजे ३५-४० हजार लिटर पाणी. आता केळी धरा. एकरी दीड हजार खोडं, मे महिन्यात ठिबकवर खोडाला रोज १८-२० लिटर, म्हणजे एकराला जवळजवळ ३० हजार. साडेचार एकर सोडा, सव्वा एकर निभला तरी पुष्कळ. हेच पाणी १०० फुटांवर असेल तर तोच पंप तिप्पट पाणी काढतो आणि साडेतीन-चार एकर केळी ओढून नेतो. तापीकाठच्या उथळ विहिरीवरचा माणूस सौरपंपाचं गुणगान करतो आणि सातपुड्याच्या पायथ्याचा त्याच पंपाला शिव्या घालतो, ते यामुळे. दोघंही खरं बोलत असतात. पुरवठादाराच्या माणसाला आधी हाच प्रश्न विचारा: माझ्या खोलीला मे महिन्यात दिवसाला किती लिटर? 'भरपूर' म्हणाला तर चहा पाजा आणि वाटेला लावा.

सौरपंपाने लाईट बिल वाचतं, हा मुद्दा सध्या सोडून द्या. साडेसात एचपीपर्यंतच्या कृषीपंपांना एप्रिल २०२४ पासून पाच वर्षं वीज मोफत आहे, म्हणजे वाचवायला बिलच नाही. सौरपंपाची खरी कमाई दिवसाच्या पाण्यात आहे. पाहणीत आम्ही रात्रीच्या पाण्याचा खर्च कागदावर आणायचा प्रयत्न करायचो आणि तो कुठल्याच रकान्यात बसायचा नाही. अडावदकडे एका बागेत सालदार (वर्षभरासाठी ठेवलेला गडी) मला दाखवत होता: एका हातात बॅटरी, दुसऱ्यात काठी, फिल्टर धुवायला वाकायचं तर बॅटरी दातात धरायची. रात्री दीडला लाईट येणार, तीनला डीपीचा फ्यूज उडणार, आणि केळीत बिबट्या असतो तो वेगळाच. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सालदाराचं वर्षाचं ठरतं तेव्हा हल्ली ते आधी विचारतात, रातना पानी भरनं पडी का? पडत असेल तर आकडा वाढतो किंवा माणूस दुसऱ्याकडे जातो. हा पैसा सौरपंप नक्की वाचवतो.

अभ्यासकांची खरी धास्ती वेगळी आहे. पाणी उपसायला पैसा लागत नसेल आणि दिवसभर मोटर चालू राहत असेल, तर ती बंद कोण करणार? यावल-रावेरचा पट्टा आधीच अतिउपशाच्या यादीत येत आलाय. भूजलाचे अभ्यासक तुषार शहा आणि त्यांच्यासोबतच्या लोकांनी गुजरातमध्ये खेडा जिल्ह्यातल्या धुंडी गावात २०१५-१६ च्या सुमारास यावर एक तोड करून पाहिली. सौरपंपवाल्या शेतकऱ्यांची सहकारी संस्था केली, पंप ग्रीडला जोडले आणि उरलेली वीज वीज कंपनीने विकत घ्यायची असं ठरवलं. मग मोटर विनाकारण चालवली की विकायची वीज वाया जाते, म्हणून माणूस आपोआप मोजून उपसतो. कल्पना मला पटते. पण आपल्याकडे योजनेत मिळणारा पंप ग्रीडला जोडलेला नसतो, त्यामुळे पावसाळ्यात पॅनल नुसती ऊन खात बसतात आणि उन्हाळ्यात कोणी हात आखडत नाही.

हात आखडायची रीत खानदेशाला नवी नाही. पांझरा नदीवरची फड पद्धत कित्येक शतकं चालली. बंधाऱ्याखालची जमीन फडांत वाटलेली, एका फडात एकच पीक, आणि पाणी कमी दिसलं की यंदा कोणता फड कोरडा ठेवायचा ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं. पाणी द्यायला नेमलेली माणसं असायची, शेतकऱ्याने स्वतः पाटाचं बारं फोडायचं नाही. बोअर आल्या आणि ज्याचं पाणी त्याच्या जमिनीखाली झालं. फड परत येईल असं मला वाटत नाही. बोअरवाल्यांना एकत्र बसवणं बंधाऱ्यावाल्यांपेक्षा कितीतरी अवघड आहे. पण तुमच्या बांधाला बांध लागून आणखी तीन-चार बोअर असतील, तर साडेचार एकर केळीचा बेत त्यांच्याशी बोलल्याशिवाय करू नका. धरणगावकडच्या एका म्हाताऱ्या बाबांनी मला एका वाक्यात सगळा शोधनिबंध ऐकवला होता: "लाईट ते उनी, पन पानी कोठे शे?" (लाईट तर आली, पण पाणी कुठे आहे?)

म्हणून माझं मत असं. मे महिन्यात पाणी १५० फुटांच्या आत राहत असेल तर सौरपंप घ्या आणि दोन-अडीच एकर केळी लावा, बाकी कापूस-हरभरा. ३०० च्या खाली जात असेल तर केळी एकरभरच ठेवा किंवा साधी वीजजोडणी मिळत असेल तर तिची वाट पाहा. सबस्टेशनजवळ सौर प्रकल्प उभारून शेतीच्या फीडरला (वीजवाहिनीला) दिवसा वीज द्यायची, अशी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना चालू आहेच.

तुमच्या मुरमाड तुकड्याला गिऱ्हाईक आलंय तेही याच योजनेमुळे. २०२३ पासून खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार भाडं आहे, म्हणजे एकरी ५० हजार, आणि दरवर्षी ३ टक्के वाढ. मुरमाडावर कोरडवाहू कापूस एकरी चार-पाच क्विंटल. क्विंटलला साडेसात हजार धरले तरी हातात ३०-३७ हजार येतात, आणि त्यातून बियाणं, खत, फवारणी, वेचणी जायची. घरच्यांची मजुरी मांडली तर पुष्कळदा उणेच निघतं. भाडं सरळ सरळ भारी आहे. फक्त ३ टक्क्यांकडे नीट बघा. महागाई ५ टक्क्यांनी वाढत राहिली तर पंचविसाव्या वर्षी त्या भाड्याची किंमत आजच्या हिशेबात साठ टक्क्यांच्या आसपास उरेल. भाऊबंदकीत तोवर हिस्से किती पडतील ते वेगळंच.

गावात लोक दोंडाईच्याजवळच्या विखरणचं नाव काढतील. तिथे भूसंपादन होतं आणि मोबदल्यावरून वाद पेटला होता, तुमची जमीन मात्र नावावरच राहते. आणि 'प्रकल्प आला की गावाला रोजगार' असं एजंट म्हणाला तर ते ऐकून सोडून द्या. साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प २०१३ पासून आहे. अशा प्रकल्पात उभारणी चालू असते तोवर माणसं लागतात, पुढे राखणदार आणि पॅनल धुणारे. तुमच्या तीन एकरांत कापूस वेचायला येणाऱ्या बायांची मजुरी मात्र कायमची जाते, आणि भाड्याच्या कुठल्याच करारात त्यांचं नाव नसतं. ग्रामविकासाच्या हिशेबात मला ही सगळ्यात मोठी गळती वाटते. तुमच्या एकट्याच्या निर्णयाने ती थांबणार नाही, हेही खरं.

सही करण्याआधी सातबारा काढून पाहा. सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा असेल तर तो आधी उतरवावा लागेल. सातबाऱ्यावर बहिणींची नावं असतील तर त्यांच्याही सह्या लागतील. करारात भाडं कोणत्या तारखेला जमा होणार, उशीर झाला तर व्याज काय, आणि मुदत संपल्यावर काँक्रीटचे पाये कोण उपटून नेणार, हे तीन मुद्दे लिहून घ्या. एजंट जो छापील नमुना आणतो त्यात तिसरा मुद्दा बहुधा नसतो.