'लाईन'चे एवढे अर्थ लक्षात कसे ठेवायचे? – वाचकांचे प्रश्न

प्रश्न: सर नमस्कार, मी बीड जिल्ह्यातला आहे, स्पर्धा परीक्षेची तयारी चालूये. लाईन या एका शब्दानं लै गोंधळ केलाय. आमच्याकडं लाईन म्हणजे वीज, लाईन गेली, लाईन आली. पण पेपरमध्ये होल्ड द लाईन, लाईन ऑफ वर्क, ड्रॉप मी अ लाईन असलं काय काय येतं. वहीत अर्थांची यादी करून पाठ केली तरी वाक्यात आलं की काहीच कळंना. काय करू?

उत्तर: आधी ती यादी बाजूला ठेवा. असे शब्द यादीनं कधीच पाठ होत नाहीत, त्यांचं मूळ एकदा कळलं की बरेचसे अर्थ आपोआप जागेवर बसतात. आणि लाईनचं मूळ आपल्या लोकांनी तर माहीत करून घ्यायलाच पाहिजे कारण ते थेट आपल्या रब्बीच्या शेतात जातं. लॅटिनमध्ये लिनम म्हणजे जवस आणि लिनिया म्हणजे त्या जवसाच्या वाखाचा धागा. हो, तेच आपलं जवस, निळ्या फुलांचं, ज्याची चटणी आपण भाकरीबरोबर खातो. आपण ते तेलासाठी पेरतो म्हणून बुटकं आणि फांद्या फुटलेलं असतं, युरोपात धाग्यासाठी लावतात ते चांगलं उंच वाढतं, पण वनस्पती एकच. आपल्याकडं अंबाडी पाण्यात कुजवून वाख काढतात ना, तसाच तिकडं जवसाच्या खोडातून काढतात, त्याचं कापड म्हणजे लिनन आणि बी म्हणजे लिनसीड.

आता धाग्याची रेघ कशी झाली ते बघायचं असेल तर जुन्या पद्धतीनं काम करणाऱ्या सुताराजवळ थोडा वेळ थांबा. गेरूच्या पाण्यात भिजवलेलं सूत फळीच्या दोन टोकांना ताणून धरतो, मधे चिमटीत उचलून सोडतो, टप्प आवाज होतो आणि लाकडावर लाल सरळ रेघ उठते. धागा उचलला, रेघ राहिली. लाईनचा सगळा पसारा इथूनच वाढलाय.

धागाच म्हणून तो शब्द अजूनही वापरतात. मासे धरायच्या गळाची दोरी फिशिंग लाईन, कपडे वाळत घालायची दोरी क्लोथ्सलाईन, गवंड्याच्या ओळंब्याची दोरी प्लंब लाईन. मग त्या ताणलेल्या दोरीसारखं जे जे सरळ आणि सलग ते सगळं लाईन झालं, कागदावरची ओळ, माणसांची रांग, रेल्वेचा मार्ग, तार. लातूरकडच्या जुन्या लोकांना बार्शी लाईट रेल्वे आठवत असेल, अडीच फुटी रुळांची, १९११ मध्ये लातूरपर्यंत आली, तिलाही लोक लाईनच म्हणायचे आणि ते इंग्रजीतही अगदी बरोबर आहे. पिढ्यांची सलग साखळी म्हणजे घराण्याची लाईन, माणूस ज्या वाटेनं पोट भरतो ती लाईन ऑफ वर्क.

तुमची उदाहरणं घेऊ. ड्रॉप मी अ लाईन म्हणजे दोन ओळी लिहून पाठव, इथं दोरी सोडायचा काही संबंध नाही. होल्ड द लाईन फोनवर म्हटलं तर फोन ठेवू नका, आणि लढाईच्या बातमीत आलं तर फळी मोडू देऊ नका, मागं हटू नका. म्हणून शब्दाकडं एकट्याकडं बघू नका, त्याच्या शेजारी कोण बसलंय ते बघा, परीक्षेत नव्वद टक्के गोंधळ तिथंच मिटतो. फक्त एक गोष्ट वेगळी लक्षात ठेवा. लाईन हे क्रियापद म्हणून अस्तर लावणे या अर्थानंही येतं, कारण कपड्याला आतून लिननचं अस्तर लावायचे. त्यावरूनच लाईन युअर पॉकेट्स, म्हणजे गैरमार्गानं स्वतःचे खिसे भरणे.

आणि आपल्याही भाषेत हेच झालंय बघा. सूत म्हणजे धागा, तरी आपण सुतासारखा सरळ म्हणतो, दोन सूत जाड पत्रा म्हणतो, दोघांचं सूत जुळलं म्हणतो. यातलं काही तुम्ही वहीत लिहून पाठ केलं होतं का?

प्रश्न: सर, मी परभणीहून लिहितेय. मुलानं इंग्रजी निबंधात देअर इज नो लाईन इन अवर व्हिलेज ॲट नाइट असं लिहिलं, मॅडमनी चूक दिली. घरीदारी सगळेच लाईन म्हणतात, मग चूक कसं?

उत्तर: ताई, मुलाला रागावू नका. त्यानं रोज कानावर पडतं तेच लिहिलंय आणि मराठीत ते चूक नाहीये. रात्रीची लाईन, थ्री फेजची लाईन, मोटार चालवायला लाईनची वाट बघत बसणं, हे सगळं आपलं खरंखुरं बोलणं आहे. पण इंग्रजीत पॉवर लाईन म्हणजे खांबावरची तार. वीज गेली तरी तार जागेवरच असते, म्हणून तो निबंध वाचणाऱ्या परक्या माणसाला वाटेल की गावात रात्री रांगच लागत नाही. त्याला देअर इज नो पॉवर ॲट नाइट असं लिहायला सांगा, किंवा इलेक्ट्रिसिटी. लाईनमन मात्र बिनधास्त लिहू द्या, तो इंग्रजीतही लाईनमनच आहे.

प्रश्न: डेडलाईनमध्ये डेड कामून येतं? (एक वाचक, उदगीर)

उत्तर: कारण ती रेघ खरंच जिवावरची होती. अमेरिकेच्या यादवी युद्धात १८६४ मध्ये जॉर्जिया राज्यातल्या अँडरसनविल इथं युद्धकैद्यांचा तळ होता. तिथं कुंपणाच्या आत एक हद्द आखलेली होती, कैद्यानं ती ओलांडली की पहारेकरी गोळी घालायचे. तिला डेडलाईन म्हणायचे. उपासमार आणि रोगराईनं तिथं हजारो माणसं मेली, तळाचा प्रमुख हेन्री विर्झ याला १८६५ मध्ये फाशी झाली. पुढं विसाव्या शतकात अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांनी मजकूर द्यायच्या शेवटच्या वेळेला हा शब्द लावला आणि तिथून तो सगळीकडं गेला. वापरताना काम वेळेत झालं तर मीट द डेडलाईन, हुकलं तर मिस द डेडलाईन. फॉर्म भरायच्या शेवटच्या तारखेलाही तो चालतो.