गाईड निवडताना साइटेशनचा आकडा किती धरायचा?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे नंतर वाचणाऱ्याला पण समजेल. एमएससी बायोटेक झालंय, फेलोशिप आहे, मेंदूच्या मॉलिक्युलर बायोलॉजीत पीएचडी करायची आहे आणि दोन गाईड घ्यायला तयार आहेत. सरांचं काम अल्झायमरवर, गुगल स्कॉलरवर (गुगलची पेपर शोधायची साइट) साइटेशन, म्हणजे दुसऱ्यांनी आपल्या पेपरात त्यांच्या कामाचे दिलेले संदर्भ, चार हजारांच्या वर. मॅडमचं काम लाखोळी डाळीतल्या विषावर, साइटेशन सहाशेच्या आत. घरचे आणि कॉलेजातले शिक्षक म्हणून राहिले की डोळे मिटून मोठ्या आकड्याकडे जा.

माझं मत असं की आकडा पाहून जाऊच नका, पेपर उघडून पहा आणि मग ठरवा. सरच चांगले निघतील असंही होऊ शकतं, पण ते चार हजारावरून कळणार नाही. मी स्वतः न्यूरोकेमिस्ट्रीत पीएचडी केली, आता तालुक्याच्या कॉलेजात शिकवतो, आणि आपल्या इकडचे हुशार पोट्टे पोट्ट्या याच आकड्याला भुलून नको त्या लॅबमध्ये जाऊन बसतात हे पाहून जीव तुटतो, म्हणून जरा लांब लिहितो.

तुम्ही बीएससीला नाहीतर एमएससीला प्रोटीन मोजायच्या लोरी मेथडचं प्रॅक्टिकल केलंच असेल. बीएसएचं स्टँडर्ड, अल्कलाइन कॉपरचं सोल्युशन, दहा मिनिटं थांबायचं, मग फोलिन रिएजंट टाकायचं, अर्धा तास अंधारात ठेवायचं आणि निळा रंग आला की कलरीमीटरवर ६६० ला रीडिंग घ्यायचं. हे ज्या पेपरातून आलं तो १९५१ चा, जर्नल ऑफ बायोलॉजिकल केमिस्ट्रीमधला, लोरी आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांचा. जगात सगळ्यात जास्त साइटेशन असलेला पेपर हाच. २०१४ मध्ये नेचर या जर्नलने पहिल्या १०० पेपरांची यादी काढली होती तेव्हाच तो तीन लाखांच्या पुढे होता, आणि डीएनएच्या रचनेचा वॉटसन-क्रिकचा १९५३ चा पेपर त्या १०० मध्ये आलासुद्धा नाही! म्हणजे काय, तं प्रोटीन मोजायची वेळ प्रत्येक लॅबवर रोज येते, आणि मोजलं की लोरीचं नाव लिहावं लागतं. त्या यादीत दुसरा नंबर लेम्लीच्या १९७० च्या, जेलवर प्रोटीन वेगळी करायच्या पेपरचा आणि तिसरा ब्रॅडफर्डच्या १९७६ च्या, तो पण प्रोटीन मोजायचाच. सगळ्या कामाच्या पद्धती.

आता माझ्या मनाला लागून राहिलेली गोष्ट सांगतो. ऑलिव्हर लोरी हा माणूस खरं तर मेंदूचाच बायोकेमिस्ट. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीत बसून त्यांनी मेंदूचा गोठवून वाळवलेला बारीकसा तुकडा क्वार्ट्झच्या तंतूवर तोलायचा तराजू वापरला आणि एकेका चेतापेशीतलं एन्झाइम मोजण्यापर्यंत मजल मारली. रक्तपुरवठा तुटल्यावर काही सेकंदांत मेंदूतलं एटीपी (पेशीचं इंधन) कसं खाली येतं यावरचं त्यांचं १९६४ चं काम मी आजही वर्गात शिकवतो, लकव्याच्या पेशंटला लवकर आणा असं डॉक्टर काहून ओरडतात ते त्यातून समजतं. पण साइटेशनमध्ये हे काम त्या निळ्या रंगाच्या कुठेच जवळ नाही. लोरींनी स्वतःच लिहून ठेवलंय की तो प्रोटीनचा पेपर काही फार थोर नाही. कोणी नुसता त्यांचा एकूण आकडा पाहिला असता तं मेंदूवर या माणसाने काय केलं ते त्याला कधीच कळलं नसतं.

म्हणून सरांची प्रोफाइल उघडा आणि साइटेशनप्रमाणे लावलेल्या यादीतले वरचे पाच पेपर पहा. चार हजार कुठून आले ते तिथेच दिसतं. वरचा पेपर रिव्ह्यू, म्हणजे इतरांच्या कामाचा आढावा, आहे का? रिव्ह्यूला साइटेशन खूप मिळतात कारण लिहिणारा प्रत्येक जण प्रस्तावनेत एक ओळ टाकून मोकळा होतो. मेथडचा आहे का? की शेकडो लेखकांचा आहे? ग्लोबल बर्डन ऑफ डिसीजचे (जगभरच्या आजारांची मोजदाद) लॅन्सेट जर्नलमधले पेपर असतात ना, त्यात जगभरातले शेकडो जण लेखक असतात आणि साइटेशन हजारांनी येतात, नाव मध्ये कुठेतरी असलं तरी पूर्ण आकडा प्रत्येकाच्या खात्यात जमा. काम खोटं नाही, चांगलंच आहे, पण त्यावरून त्यांच्या लॅबमध्ये काय चालतं ते समजत नाही. हंटिंग्टन या मेंदूच्या आनुवंशिक आजाराच्या जीनचा १९९३ चा सेल जर्नलमधला पेपर पहा, तिथे लेखक म्हणून सहा ग्रुपच्या मंडळींनी मिळून एकच नाव दिलं. काम एवढं मोठं की सीएजी रिपीट (त्या जीनमध्ये पुन्हा पुन्हा येणारी डीएनएची तीन अक्षरं) मोजायची तपासणी त्यावरच उभी आहे, पण त्यातला एखादा माणूस किती मोठा हे आकडा कसा सांगणार.

आपल्या विषयात लेखकांचा क्रम महत्त्वाचा. पहिलं नाव बहुतेक ज्या विद्यार्थ्याने हाताने काम केलं त्याचं आणि शेवटचं लॅबच्या प्रमुखाचं. सरांचं नाव शेवटी किती पेपरात आहे ते मोजा, तेवढंच त्यांच्या लॅबचं.

एच-इंडेक्सबद्दल पण विचारलंय. कोणाचे २० पेपर असे असतील की प्रत्येकाला निदान २० साइटेशन आहेत, तं त्याचा एच-इंडेक्स २०. हिर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये ही कल्पना मांडली. हा इंडेक्स कधी खाली येत नाही, माणूस रिटायर झाला तरी वाढतच राहतो, त्यामुळे पन्नाशीतल्या सरांचा आणि नुकतीच लॅब सुरू केलेल्या मॅडमचा एच-इंडेक्स शेजारी ठेवून काहीच कळत नाही.

आणि विषयाचं काय? धानाची एकरी उतारी आणि कापसाची एकरी उतारी कोणी शेजारी ठेवून पाहत नाही, तसंच हे. अल्झायमरवर जगात हजारो लॅब आहेत, म्हणजे साइट करणारे हजारो. लाखोळीच्या विषावर काम करणारे किती, भारत, बांगलादेश, इथिओपिया आणि आणखी थोडे. मॅडमचे सहाशे साइटेशन या छोट्या बिरादरीत कमी नाहीत, हे मी जबाबदारीने म्हणतो.

लाखोळीचं आपल्याला वेगळं सांगायला नको. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरच्या धानाच्या बांधीत, धान उभा असतानाच ओलीवर तिचं बी फेकतात आणि पाणी न देता पीक येतं. दुष्काळात दुसरं काही पिकलं नाही तरी ही पिकते, आणि महिनोन् महिने जवळपास तीच पोटात गेली की पाय कडक होतात, माणूस टाचा उचलून, गुडघे एकमेकांवर आडवे टाकत चालतो, मग एक काठी, मग दोन काठ्या आणि शेवटी हातावर रांगत. डॉक्टरांच्या पुस्तकात पायऱ्या याच नावाने आहेत, एक काठीवाला, दोन काठीवाला. (रोजच्या जेवणात इतर धान्यासोबत थोडी खाल्ली तं असं होत नाही, हे पण लिहून ठेवतो, नाहीतर कोणी घाबरून जाईल.) हे विष कोणतं ते शोधणारा एक मुख्य पेपर बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचा, राव, अडिगा आणि सर्मा, बायोकेमिस्ट्री नावाचं जर्नल, १९६४. त्या विषाचं नाव बीटा-ओडॅप. मेंदूत आणि मज्जारज्जूत ग्लुटामेट (पेशींमधला निरोप्या रेणू) जिथे बसतो त्या एएमपीए रिसेप्टरवर जाऊन ते पेशीला थकवून मारतं असं पुढे समजलं. मग कमी ओडॅपच्या रतन, प्रतीक अशा जाती आल्या. आता मला सांगा, शेतकरी बियाण्याची थैली फोडताना कोणता पेपर साइट करतो? त्या कामाचा परिणाम बांधीत आहे, स्कॉलरवर तो दिसणारच नाही, आणि मॅडमचा विषय याच धाग्यातला आहे म्हणून मला तो हलका वाटत नाही.

उलट्या बाजूचं पण सांगतो. अल्झायमरवरचा २००६ चा नेचरमधला एक पेपर होता, मेंदूत साचणाऱ्या अमायलॉइड प्रोटीनच्या एका खास प्रकारामुळे उंदरांची स्मरणशक्ती जाते असं सांगणारा. दोन हजारांच्या वर साइटेशन. २०२२ मध्ये त्यातल्या चित्रांबद्दल सायन्स या जर्नलमध्ये गंभीर शंका छापून आल्या आणि २०२४ मध्ये पेपर मागे घेतला गेला. साइटेशन काही कोणी परत घेतलं नाही. त्यामुळे प्रत्येक महत्त्वाच्या पेपरवर पबमेडमध्ये (वैद्यकीय पेपर शोधायची फुकट साइट) मागे घेतल्याची लाल पट्टी आहे का ते पाहत जा, एक मिनिट लागतं, आणि पबमेड आपल्या गावच्या नेटवर पण उघडतं.

प्रोफाइल खरी आहे का तेही तपासा. स्कॉलर स्वतःहून पेपर जोडतं, आणि मेश्राम एस किंवा ठाकरे पी असं शोधलं की चार वेगळ्या माणसांचे पेपर एकत्र येतात. मॅडमचं उलटं असू शकतं, लग्नाआधीच्या आडनावाचे पेपर सुटलेले असतील, म्हणून सहाशे हा आकडासुद्धा कमी असू शकतो. ऑर्किडचा (प्रत्येक संशोधकाला मिळणारी वेगळी ओळख) सोळा अंकी नंबर दिला असेल तं तिथली यादी धरा. स्कॉलरचा आकडा स्कोपसपेक्षा (साइटेशन मोजणारा दुसरा डेटाबेस) मोठाच येतो कारण त्यात थिसिस, प्रीप्रिंट (जर्नलात छापण्याआधी नेटवर टाकलेला पेपर) सगळंच मोजलं जातं, त्यामुळे एकाचा स्कॉलरचा आणि दुसऱ्याचा स्कोपसचा घेऊन तुलना करू नका.

आता तुमच्यासाठी सगळ्यात कामाचं. दोघांचेही मागच्या पाच-सात वर्षांतले पेपर काढा आणि पहिल्या नावावर कोण आहे ते लिहा. ही नावं त्यांच्या विद्यार्थ्यांची. मग प्रत्येक नाव शोधा, पीएचडी किती वर्षांत झाली, नंतर कुठे गेले, अर्ध्यातून सोडून किती गेले. ज्या लॅबमधून चार पोरांचे पहिल्या नावाचे पेपर निघाले तिथे शिकवलं जातं असं समजा. यूजीसीच्या २०२२ च्या नियमात थिसिसआधी पेपर छापायची सक्ती राहिली नाही, म्हणून काही ठिकाणी पैसे भरून कुठल्याही जर्नलात छापणं कमी झालंय, पण पूर्ण बंद नाही, आणि अशा जर्नलांचे पेपर यादीत जास्त दिसले तं सरांकडे असो की मॅडमकडे, दोनदा विचार करा.

दोघांच्या लॅबमधल्या एकेका सिनियर मुलीला मेल करा, फोनवर बोला, मेलवर कोणी खरं लिहीत नाही. गाईड आठवड्यातून किती वेळा बसतात, केमिकल संपलं तं किती दिवसांनी येतं, सुट्टी मागितली तं काय बोलतात, उंदरांच्या प्रयोगाची परवानगी लॅबकडे आहे का, फेलोशिप अडकली तं कोण धावतं, हे विचारा. होस्टेल लॅबपासून किती लांब आहे तेही विचारा, रात्री अकराला जेल काढून परत जावं लागतं. दोघांचे वरचे पाच-पाच पेपर इथे टाका, मी रविवारी बसून वाचतो आणि मला काय दिसलं ते लिहितो.